पलीकडच्या किनाऱ्याला फोन

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. गुडघा कुरकुरतोय, बाकी मी ठणठणीत आहे.

तुला आमच्या सागरी बचाव कक्षाचं काम कधी नीट सांगितलं नाही. नऊ वर्षं दर सोमवारी सकाळी दहाला मी शेजारच्या देशाच्या बचाव कक्षाला फोन लावते. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायचं असतं. पलीकडे एक बाई असते. तिचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. त्यामुळे भांडण कधी जमलंच नाही. हवा, लाटा आणि दोघींचे गुडघे, एवढ्यावर ओळख झाली.

त्या मंगळवारी भरदुपारी निरोप आला, मच्छीमारांच्या बोटीत पाणी शिरलंय, अकरा माणसं आहेत. आपलं जहाज चार तासांवर, शेजाऱ्यांचं चाळीस मिनिटांवर. पण परदेशी जहाज आपल्या हद्दीत बोलवायचं तर वरून लेखी परवानगी लागते. वर फोन केला, तर शिपाई म्हणाला, "साहेब जेवायला बसलेत, अर्ध्या तासाने बघा." मी म्हटलं, "मग बोटीलाही तेवढं थांबायला सांग." आणि पलीकडे फोन लावला. तिने एकच विचारलं, "परवानगी आहे?" मी म्हटलं, "माझी आहे."

तिने जहाज पाठवलं, अकराच्या अकरा घरी पोचले. आता तिलाही तिकडे जाब विचारताहेत, आणि इकडे ती लाइनच तोडायचा घाट घातलाय. म्हणे, बाई घाबरल्या आणि चुकल्या. मी घाबरले होते. चुकले नाही.

तर, तू पाठवलेल्या कबुलीजबाबावर मी सही केलेली नाही. भाषा झकास आहे. शाळेत असे निबंध लिहिले असतेस तर मला मास्तरांची बोलणी खावी लागली नसती. सही केली की मी सुटते, हे कळतं. चौकशी समितीत बसून तू बहिणीला सांभाळतोयस, हेही कळतं. पण चूक माझी ठरली की लाइन तुटली, आणि पुढची बोट परवानगीची वाट बघत तळाला जाईल. तुझा कागद सोबत परत पाठवतेय. गुरुवारी समितीपुढे मला ताई म्हणू नकोस. विचारायचं ते खणखणीत आवाजात विचार. मागच्या बाकांवर ते अकराजण बसणार आहेत. त्यांनाही ऐकू गेलं पाहिजे.

तुझीच, कुणाचंही न ऐकणारी,
ताई