मोजेरावांचा शोध

लातूर
१३ जानेवारी २०२५

ती. आबांस,
धम्मप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आईनं फोन घेतला की ती आपलंच सांगत सुटते, म्हणून ही चिठ्ठी मुखेड गाडीच्या गुरुपादप्पा कंडक्टरकडे देते. काल आम्ही लातूरला सुखरूप पोहोचलो, पण अशूचा मोजेराव पोहोचला नाही. स्टँडवर उतरून घराकडे निघालो तेव्हा ध्यानात आलं. गाडी तोवर नांदेडला निघून गेलेली.

मोजेराव म्हणजे अशूचा ससा. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, पण माझ्या पत्रांत तो असतोच. चार वर्षांच्या पोराची समजूत काढता काढता मी रडकुंडीला आले आहे. शेजारच्या अर्शियानं स्वतःची बाहुली दिली, यांनी बाजारातून नवा ससा आणला. अशूनं दोघांना भिंतीला टेकवून बसवलं, बिस्किट दिलं आणि पुन्हा भोकाड पसरलं. बालवाडीत जायला तयार नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, मुखेडला गेलं की वस्तू हरवतात, मी आता तिकडं कधीच जाणार न्हाई, असं त्यानं जाहीर केलंय.

काही करता आलं तर बघा. आमच्यावर माया असू द्या.

तुमची,
धम्मप्रिया


मुखेड
१५ जानेवारी

चि. धम्मप्रियास,
आबाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

चिठ्ठी वाचली आणि चहा तसाच टाकून स्टँड गाठलं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. लोकांच्या छत्र्या, जेवणाचे डबे, एकदा तर नवरदेवाचा फेटा परत केला. माझ्याच नातवाचा ससा जातो म्हणजे काय! नांदेड, नायगाव, धर्माबाद, जिथं जिथं ती गाडी गेली तिथं निरोप धाडले की पांढरा ससा, लाल डोळे, दिसेल तिथं धरून ठेवा.

आणि ससे यायला लागले की. पहिला नायगावहून आला, एका कानाचा. दुसरा धर्माबादचा, मिरचीच्या पोत्यांवर बसून आलेला. त्याला हातात घेतल्यापासून तुझी आई शिंकून राहिली. नांदेड डेपोतल्या रविकिरणनं तर कहर केला. टोपलीत घालून जिवंत ससा पाठवला. तिनंच त्याला कौतुकानं मेथी घातली, तर त्यानं परसातली सगळी कोथिंबीर खाल्ली. संध्याकाळच्या गाडीनं त्याला माघारी धाडलं तेव्हा ती जे बोलली ते मला ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

दोन्ही ससे घरी ठेवलेत. यातला मोजेराव कोणता ते लगेच कळव, मला दम निघेना. धम्मा, घरात मला कुणी काही सांगायचं तर खुणा करतं. माझ्या कानाला तोंड लावून बोलणारा अशू एकटाच. तो यायचा बंद झाला तर मला सोसायचं नाही.

जावईबापूंना जयभीम. उत्तर उलट गाडीनं दे.

आबा


लातूर
१६ जानेवारी

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

कोथिंबिरीचं वाचून रविवारपासून पहिल्यांदा हसले. अशूलाही वाचून दाखवलं. जिवंत सशाला तिकीट लागलं का, एवढंच त्यानं विचारलं.

दोन्ही ससे आपले नव्हेत, आबा. चूक माझीच, नीट सांगायला हवं होतं. मोजेराव पांढरा नाही आणि अनोळखी माणसाला तो ससा वाटायचाही नाही. यांच्या जुन्या करड्या मोज्यात कापूस भरून मी तो शिवला होता. डोळ्यांना शर्टाची दोन बटणं, एक निळं, एक काळं. तुम्ही त्याला का पाहिला नाही तेही आता लिहिते. कंडक्टरचा नातू बाहुल्या घेऊन झोपतो का, असं तुम्ही दिवाळीत माझ्या पत्रावरून त्याला चिडवलं होतं. म्हणून या खेपेला तुमच्याकडं दोन्ही दिवस त्यानं मोजेरावाला पिशवीतून बाहेरच काढलं नाही. निघताना गाडीत बसल्यावर काढला असणार. मग गाडी बदलावी लागली, आणि दुसऱ्या गाडीत अशू बसल्याबसल्याच झोपी गेला.

राग मानू नका, पण लिहिल्यावाचून राहवेना. आईला सांभाळा, स्वतःलाही.

धम्मप्रिया


मुखेड
१७ जानेवारी

चि. धम्मप्रियास,
आशीर्वाद.

मोजेराव सापडला! सापडला म्हणजे काय, तो हरवलाच नव्हता. तो मीच नेला होता. वाचून घे आणि मग काय बोलायचं ते बोल.

रविवारी तुमची गाडी ऐनवेळी दुसऱ्या मार्गाला लावली आणि सगळ्या उतारूंना शेजारच्या गाडीत बसवलं. तुमची गाडी हलली, मी हात केला, आणि जुन्या सवयीनं त्या रिकाम्या झालेल्या पहिल्या गाडीत चढलो. नोकरीत रोज करायचो तसं शेवटच्या बाकापासून वाकून बघत पुढं आलो. तिसऱ्या बाकाखाली कापूस कोंबलेला एक मोजा पडलेला. कुणाचं तरी लेकरू रडत असेल, असंच मनात आलं बघ. नेऊन कंट्रोलर धोंडप्पाच्या खोलीत दिला आणि वर चिठ्ठी बांधली.

तुझं पत्र हातात घेऊनच आज धावत गेलो. फळीवर एका हेल्मेटशेजारी बसला होता. निळं बटण, काळं बटण. गळ्यात माझ्या अक्षरातली चिठ्ठी: बेवारस. मी तिथंच बाकावर बसलो. सगळा जिल्हा पालथा घातला आणि नातवाच्या जिवलगाला बेवारस मीच लिहून आलो होतो. धोंडप्पानं कागदावर लिहून दाखवलं, काका, ती गाडी त्याच दुपारी झाडून धुऊन घेतली. तेवढं वाचून जरा बरं वाटलं, पण जरासंच.

गुरुपादप्पाबरोबर पाठवतोय. त्यानं त्याला तिकिटाच्या पेटीवर बसवलंय. वाटलं तर अशूला सांग की ससा आपला आपण आला. पण मला विचारशील तर खरं सांग. मी चिडवलं म्हणून त्यानं लपवला, आणि लपवला म्हणून मी ओळखला नाही. दोन्ही माझ्याकडंच येतं.

आबावर जमेल तेवढा लोभ ठेवा.

आबा


लातूर
१८ जानेवारी

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभे होतो. गाडी वळली आणि खिडकीत गुरुपादप्पांच्या हातात मोजेराव दिसला, तसा अशू असा ओरडला की अख्खी गाडी उठून बघायला लागली. ओळखदेख नसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसले, मग मीही पुसले.

तुमचं पत्र मी त्याला घरी येऊन जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो मोजेरावाला पोटाशी धरून बसला होता. बेवारस म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. ज्याचं कुणी नाही तो, असं मी सांगितलं. मग म्हणाला, आबांनी उचलला म्हणून तर तो झाडूत गेला न्हाई. एवढंच. तुमच्या दोन्ही चुकांबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

चिठ्ठी मात्र त्यानं काढू दिली नाही. वरचा शब्द खोडून माझ्याकडून लिहून घेतलं: अश्वजितचा. थोडा वेळ विचार केला आणि खाली आणखी लिहायला लावलं: आबांचा पण.

तेव्हा आता तुम्ही अर्धे मालक झालात. पुढच्या शनिवारी आम्ही मुखेडला येतोय. तिथं मोजेराव एक रात्र अशूजवळ आणि एक रात्र तुमच्याजवळ झोपणार, असं ठरलंय, आणि त्यात बदल होणार नाही. आईला म्हणावं, आबांच्या उशाशी जागा करून ठेव.

आहे तो लोभ वाढताच असू द्या.

तुमची,
धम्मप्रिया