दादाचं लग्न सापडलं

लाडक्या धाकटीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझा खोकला कसा आहे? काढा पितेस ना, की मोरीत ओततेस?

अगं, दादा सापडला! म्हणजे त्याचं लग्न सापडलं, वहीत नोंदलेलं. नातीला घराण्याची माहिती लिहायची आहे, म्हणून ती मला इथल्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदींच्या कचेरीत घेऊन गेली. रागावून घर सोडलेला आपला भाऊ याच गावात बोहल्यावर चढला होता, आपल्याला न कळवता! ‘मेला लबाड’ म्हणणार होते, पण जीभ चावली.

आनंदानं मी कारकुनाच्या पाठीत धपाटाच घातला. तो म्हणाला, “आजी, आता मृत्यूची वही काढू?”

मी घाईघाईनं म्हटलं, “आज नको रे, गुडघे दुखतात.”

“अहो, बसूनच तर बघायचंय!”

नातही हसली. मी मात्र त्यानं काढलेल्या जाड वहीवर माझी पिशवी ठेवली, ती कचेरी बंद होईपर्यंत उचललीच नाही.

उद्या परत कचेरीत जायचंय. नात म्हणते, एकदा कळलेलं बरं. मला धीर होत नाही गं. म्हणून हे पत्र आजच पेटीत टाकते. तुझ्यापर्यंत दादा जिवंतच पोचू दे.

तुझी,
ताई