लोखंडाच्या आत

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. वर्गातला आवाज लवकर येतो, घरातला उशिरा. वर्गातला म्हणजे सौंसरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या तासाचा. टेबलावर होकायंत्र आहे, आम्ही सगळे भोवती वाकून उभे आहोत, आणि तुम्ही खिशातला अडकित्ता काढून त्याच्या शेजारी ठेवता. सुई थरथरते आणि उत्तर सोडून अडकित्त्याकडे वळते. तुम्ही सांगता की सुईचा काही दोष नाही, जवळचं लोखंड तिला भुलवते. त्याच वर्षी तुम्ही आम्हाला कचेरीच्या इमारतीपाशी नेलं होतं, छपरावरून भिंतीला धरून जमिनीत उतरणारी धातूची पट्टी दाखवायला. उंचावरचं लोखंड विजेला आपल्याकडे ओढते, म्हणून गडगडाट सुरू झाला की लोखंडापासून दूर व्हायचं, असं तुम्ही सांगितलं. आम्ही ते वहीत उतरवलं. तुम्ही सांगितलेलं खोटं असू शकते हे आमच्या वर्गातल्या कोणाच्या मनात आलं नसतं. तुमच्याही आलं नसेल.

नागपूरची राजधानी भोपाळला गेली त्याच्या पुढचा उन्हाळा. मी मॅट्रिकचे पेपर देऊन मोकळा होतो. घरात वर्षभर एकच विषय होता, आपण कुठले. आईचं माहेर नागपूरचं, ते मुंबई राज्यात गेलं. सौंसर, पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. नोकरदारांचं दोन्ही राज्यांत वाटप चाललं होतं आणि तुम्हाला मुंबई राज्यात जायचं होतं. म्हणत होता, पोरांना मराठीतून शिकवत म्हातारा होईन, एवढंच पाहिजे. मामाच्या घरी लग्न होतं म्हणून आपण चौघं, तुम्ही, आई, मी आणि माझ्या पाठची धाकटी, नागपूरला गेलो आणि लग्न उरकल्यावर तुम्ही तुमच्या अर्जाची चौकशी करायला ऑफिसात गेलात. तिथं टेबलं होती, माणसं नव्हती. ज्याच्याकडे अर्ज होता तो साहेब भोपाळला रवाना झालेला. तुम्ही परत आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरलेला होता आणि धाकटीनं, तिला काही समजत नव्हतं म्हणूनच, विचारलं की आपण आता भोपाळवाले झालो काय. तुम्ही हसलात. त्या दिवशीचं तुमचं तेवढंच हसणं मला आठवते.

परतीच्या बसमध्ये धाकटी खिडकीपाशी बसली होती. सावनेर मागे गेलं तेव्हा ऊन होतं. मग पश्चिमेकडून असं काही चढून आलं की ड्रायव्हरनं दिवसाढवळ्या दिवे लावले. बोरगावच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली मोकळी वावरं, आणि समोरच्या एका झाडावर वीज पडलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली. बाया ओरडल्या. तुम्ही उठून उभे राहिलात. ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली आणि सगळ्यांना म्हणालात, "ही पुरी लोखंडाची गाडी आहे. वीज हिच्यावरच येईल. खाली उतरा, झाडाखाली कोणी जाऊ नका, वावरात बसा." बसमधल्या निम्म्या लोकांच्या घरची पोरं तुमच्या हाताखालून गेलेली. गुरुजी सांगून राहिले म्हटल्यावर ड्रायव्हरसकट सगळे उतरले. मोहगावची एक म्हातारी तेवढी राहिली. तिचे गुडघे धरलेले होते. तुम्ही तिला हात देऊन उतरवायला पाहिलं, पण ती म्हणाली, "राहू द्या गुरुजी, मले काय, मी झाली बुढी." तुम्ही तिला तिथं सोडलं, आणि सोडताना तुम्हाला किती जड गेलं ते मी पाहिलं. तुमच्या हिशेबानं तुम्ही तिला मरायला सोडून आला होता.

आम्ही बांधाच्या अलीकडे बसलो. पाऊस सुरू झाला होता, ढेकळं विरघळून राहिली होती. धाकटी तुमच्या आणि आईच्या मधे होती. मग तिची नवी चप्पल चिखलात रुतली म्हणून ती उठून चार पावलं बांधाकडे गेली. बांधावर बाभूळ होती. मला आवाज आठवत नाही. पांढरं आठवते, आणि नंतर सगळीकडे मुकं. आई तोंड उघडून काहीतरी म्हणते आहे आणि मला ऐकू येत नाही. तुम्ही वाकून धाकटीला उचलता. तिच्या अंगावर काही खूण नाही, फक्त पायातल्या तोरडीखाली एक काळी रेघ. तुम्ही तिला हलवता, तिच्या नाकाशी गाल नेता, परत हलवता. बस रस्त्यावर तशीच उभी, दिवे लागलेले, आणि खिडकीतून म्हातारी आपल्याकडे पाहते आहे. ती पुरी कोरडी होती.

आईचा डावा कान त्या दिवशी गेला. तुमचं काय गेलं ते आम्हाला कळायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी म्हातारी बैलगाडीतून आपल्या दारात आली. तुमच्यासमोर बसली आणि नुसती रडली. तिला तुम्हाला दोष द्यायचा नव्हता. आपण जिवंत आहो याची तिला शरम वाटत होती, एवढंच. तुम्ही तिला पाणी दिलं. गावातही कोणी कधी बोललं नाही. उलट म्हणाले की गुरुजींनी उतरवलं म्हणून बाकीचे वाचले. ते ऐकताना तुम्ही जमिनीकडे पाहायचे. मुंबई राज्याचा अर्ज तुम्ही स्वतःच मागे घेतला. आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, पोरगी इथल्या मातीत आहे, आता कुठं जायचं. जुलैत मी शिकायला नागपूरला गेलो, आणि खरं सांगायचं तर त्या घरातून सुटलो. जेवताना तिघांच्या ताटांचा आवाज तेवढा यायचा.

पुढे मी मुंबईला लागलो. शिडाच्या बोटी बांधणाऱ्या एका लहान यार्डात, हे तुम्हाला माहीत आहे. ज्या माणसानं शिक्षण संपेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता त्याला होकायंत्रं दुरुस्त करायचं काम मिळालं. त्या वेळी दोन तऱ्हेच्या बोटी आमच्याकडे येत, जुन्या लोखंडी पत्र्याच्या आणि नव्यानं निघालेल्या फायबरच्या. फायबरच्या बोटीत मला फारसं काम नसे. तिथं सुई सरळ असते, इंजिन किंवा कोणी जवळ ठेवलेली हत्यारं तेवढी दूर केली की झालं. लोखंडी बोट मात्र स्वतःच एक चुंबक. तिला बंदरात आठही दिशांना फिरवायचं, किनाऱ्यावरच्या ठरलेल्या खुणांशी सुई ताडून पाहायची, बारके चुंबक लावून तिची ओढ मारायची, आणि तरी उरेल ती चूक कागदावर मांडून नाखव्याला द्यायची. वाऱ्यानं बोट कलली की ती चूकही बदलते. मला ते काम आवडायचं. तुमचा तास मला रोज परत भेटत होता.

मग एका ऑक्टोबरात, पाऊस परतताना, मी लोखंडी बोटीच्या पोटात बसून सकाळपासूनचे आकडे ताडून पाहत होतो आणि डोलकाठीवर वीज पडली. पत्र्याच्या डब्यावर कोणी घण घालावा तसा आवाज झाला. जळका वास आला. मी माझे हात पाहिले, पाय पाहिले. मला काही झालं नव्हतं, माझ्याबरोबरच्या पोऱ्यालाही नाही. होकायंत्र मात्र पार बिघडलं होतं, विजेनं बोटीचं चुंबकत्वच पालटून टाकलं होतं. आम्ही हसत बाहेर आलो. तेव्हा शेजारच्या फायबरच्या बोटीवरून ओरडा ऐकू आला. तीही त्याच वादळात सापडली होती. तिचं होकायंत्र नंतर मी पाहिलं, बिनचूक होतं. पण डोलकाठीच्या पायथ्यापासून पाण्यापर्यंत विजेला वाट दिलेली नव्हती, तांब्याची जाड तार बसवायची राहून गेली होती, म्हणून विजेनं आपली वाट आपण फोडली. बोटीच्या तळाला भोक पडलं होतं आणि पायथ्याला टेकून बसलेला खलाशी मेला होता. आमच्या मालकानं संध्याकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं, लोखंडी बोटीत वीज बाहेरच्या अंगानं वाहून पाण्यात उतरते, आतल्या माणसाला शिवत नाही; फायबरच्या बोटीत वाट करून द्यावी लागते, आणि तरीही काठीपासून, दोरखंडांपासून दूर, मधोमध बसावं लागते. बाकीचे ऐकत होते. मला ती बस दिसत होती, दिवे लागलेली.

त्या दिवाळीत मी घरी आलो. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून संत्रं सोलत होता. माझ्या कामाविषयी तुम्ही कधी नव्हे इतकं विचारलं. बोट कलल्यावर सुई का चुकते ते मी तुम्हाला जमिनीवर रेघा ओढून दाखवलं आणि तुम्ही दोनदा समजून घेतलं. मग विचारलंत, आणि वीज पडली तर. मी फायबरच्या बोटीचं सांगितलं, खलाशाचं सांगितलं. मला वाटलं तिथं थांबावं. तुम्ही थांबू दिलं नाही.

"आणि लोखंडाच्या बोटीत?"

"आतल्या माणसाला काही होत नाही, बाबा."

तुम्ही संत्र्याची एक फोड वेगळी केली, तिच्यावरची शीर काढली. म्हणालात, "बरोबर आहे." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "बस" एवढा एकच शब्द बाहेर आला असेल. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "पुढं बोलू नको. तुझ्या आईचा एक कान अजून शाबूत आहे." आई सैपाकघरात शेव पाडत होती.

त्यानंतर तुम्ही थोडीच वर्षं राहिलात. ती सगळी वर्षं मी असं धरून चाललो होतो, की तुम्हाला ते मीच सांगितलं. एका चांगल्या माणसाला त्याच्या म्हातारपणी, दिवाळीच्या दिवशी, त्याच्या पोरीच्या मरणाचा खरा हिशेब मी अंगणात बसून करून दिला. तुमची तब्येत ढासळली, तुम्ही अंथरूण धरलं, तेव्हाही मला अंगणातलं माझं ते वाक्य ऐकू येत होतं.

तुमच्या तेरवीला मोहगावकडचा एक शेतकरी आला. माझ्याहून दोन वर्षं मागे होता शाळेत. त्यानं सांगितलं, मागच्या पावसाळ्यात तो घरच्यांना घेऊन जामसांवलीहून दर्शन करून परतत होता. वाटेत विजा सुरू झाल्या, बायको पोरांना घेऊन पत्र्याच्या बंद जीपमधून उतरायला निघाली आणि यानं दारं लावून सगळ्यांना आत धरून ठेवलं. "गुरुजीनं सांगतलं होतं न आमाले," तो म्हणाला. "पत्र्याची गाडी असंल तं आतच बसा, खाली उतरू नका. दर साली शाळा उघडली का सांगत. म्हनत, माह्या हातून चूक झाली, माही पोरगी गेली त्याच्यात, तुमी करू नका. आमी पोरं खाली मान घालून बसत होतो."

मी त्याला विचारलं, केव्हापासून. तर म्हणाला, ती गेली त्याच वर्षापासून. मी नागपूरला गेलो त्या जुलैपासून. तुम्ही कुणाला विचारलं, कुठं वाचलं, मला माहीत नाही. पण मी बोट पाहायच्या कितीतरी आधी तुम्हाला सगळं ठाऊक होतं. अंगणात तुम्ही माझ्याकडून काही शिकत नव्हता. तुम्ही माझं उत्तर तपासत होता.

पाहुणे गेल्यावर मी आईच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि तिला विचारलं, तुला माहीत होतं काय. ती वाती वळत होती. म्हणाली, "गावातल्या कोनत्या पोरानं नाही सांगतलं मले? त्या सालापासून माहीत आहे." मग तू बोलली का नाही, म्हटलं. तिनं हातातली वात पुरी वळून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ते मले सांगतील म्हनून वाट पाहून राहिली होती मी." बाबा, तुम्ही चाळीस पोरांसमोर दर वर्षी उभं राहून जे म्हणू शकलात ते सैपाकघराचा उंबरा ओलांडून एकदा तिला म्हणता आलं नाही. तिनं त्यासाठी तुम्हाला कधी दोष दिला नाही. पण तिनं वाट पाहिली, हे तुम्हाला कळायला हवं होतं. ती तुमच्यामागे फार दिवस राहिली नाही.

हे पत्र मी घडी करून पुस्तकात ठेवून देईन किंवा फाडून टाकीन. पाठवायला पत्ता नाही. यार्डातून निवृत्त झालो तरी पावसाआधी ते मला बोलावतात, नव्या बोटवाल्यांना विजेचं सांगायला. तारा कुठे जोडायच्या, कुठे बसायचं, कशाला हात लावायचा नाही, लोखंडाच्या आत का वाचतो माणूस. शेवटी मी नेहमी एका बसची गोष्ट सांगतो. बाबा, दर वर्षी ठरवून जातो की यंदा नीट सांगायचं. या वर्षीही मी "एक मुलगी" एवढंच म्हणालो. माझी बहीण म्हणालो नाही.