पदं जागची हलवायची नाहीत

शोभा, बाई माझे,

तुझ्या तेरवीला सगळे तुझ्याबद्दल बोलले, मी नुसती वाढत राहिले. आज लिहिते, कारण मंगळवारी मला एक गोष्ट कळली आणि ती आधी तुलाच सांगायला हवी. तू दहावीला नापास झालीस ती तुझ्या चुकीने नाही. माझ्या.

माझी सून ओसरीत शिकवण्या घेते. मी मागे तांदूळ निवडत होते. फळ्यावर अवयव पाडायचं गणित होतं, ax + by + ay + bx. तिने मधल्या दोन पदांची सरळ अदलाबदल केली, मग दोन-दोनचे गट केले. एका गटातून a बाहेर, दुसऱ्यातून b बाहेर, आणि दोन्ही कंसांत सारखंच उरलं. मला राहवलं नाही. पोरींसमोरच म्हटलं, "अगं, पदं अशी हलवता येत नाहीत."

ती हसली. "आई, बेरीज आहे ही. कोणीही कुठंही बसलं तरी तीच."

माझे हात सुपातच राहिले.

आठवतं तुला? सासरच्या हिवरखेडहून तू परत आलीस तेव्हा जावई वारलेले, लेक वर्षा कडेवर. अंगणवाडीत सेविकेची जागा निघणार होती, त्याला दहावी पाहिजे. तू सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच परीक्षेला बसलीस. शिकवायला मी. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, त्याचा केवढा ताठा होता मला!

चार पदांचे गट तुला जमेनात, म्हणून मी युक्ती सांगितली. पहिल्या दोघांची जोडी, शेवटच्या दोघांची जोडी, जागा बदलायची नाही. पंगतीत बसलेल्या माणसाला कोणी उठवतं का? माझ्या वेळच्या पुस्तकात सगळी गणितं तशीच ओळीने मांडलेली असायची. मला तोच नियम वाटला.

तू पोळी लाटता लाटता विचारलंस, "वयनी, या दोघायले बाजूबाजूले बसवलं तं जमते न वो?"

मी म्हटलं, तुझ्या डोक्यात कापूस भरला आहे. सासूबाई हसल्या. तूही हसलीस. काहून हसलीस गं? भांडायचं होतंस माझ्याशी.

पेपरच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. तू बाहेर आलीस ती उतरलेल्या तोंडाने. "चार पदांचं मी आधी बदलून मांडलं होतं. मंग तुमचं आठोलं, अन् खोडून टाकलं."

बरं केलंस म्हणाले मी. पाठ थोपटली तुझी! तीन मार्कांचं गणित, आणि तू गेलीस तीनच मार्कांनी.

पुन्हा बस म्हटलं तर डोक्यातल्या कापसाचं माझंच वाक्य मला ऐकवलंस, न चिडता. जागा दुसरीला मिळाली. तू आचाऱ्याच्या हाताखाली लग्नाकार्यातल्या पोळ्या लाटायला लागलीस, ती छाती भरून येईपर्यंत. दवाखान्यात तुला श्वास पुरेना, आणि मी उशाशी जप करत बसले. कसला जप होता तो?

दर महिन्याला मी घरखर्च मांडते. दूध आधी लिहिलं काय नि किराणा आधी लिहिला काय, बेरीज तीच येते. हे मला ठाऊक नव्हतं? रोज हाताखालची गोष्ट, पण तुझ्या तोंडून आली म्हणून मी ऐकली नाही.

देवापुढे दिवा लावून कबूल केलं. ते सोपं होतं. देव उलटून बोलत नाही.

परवा अकोटहून वर्षाचा फोन आला. तिची पोरगी गणितात मागे पडली म्हणे. मग म्हणाली, "आमच्यात नाहीच ते, मामी. आई बी गणितातच नापास झाली न." मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'सुद्धा म्हटलं नाही. फोन ठेवला.

रविवारी अकोटच्या एसटीत बसते. वर्षासमोर आणि तिच्या पोरीसमोर ते गणित मांडते, तू मांडलं होतंस तसं. वर्षाला सांगते, "ही तुझ्या आईची मांडणी, बरोबर होती, आणि खोडायला लावणारी मी." मग तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही तरी लगेच उठणार नाही. तिला जे बोलायचं असेल ते सगळं ऐकून मगच परत येईन.

तुझी वहिनी,
कमल
अमरावती