कासवासाठी अंधार

बेल्हे, बुधवार. दिवेलागण होऊन गेली.

धाकटे भावजी अंदमानहून आलेत, शिडाच्या बोटीतून बेटं हिंडून. दुपारभर मोबाईलवर तेच. निळं पाणी, वाळूत अंडी घालणारं कासव. "वहिनी, ते बुजू नये म्हणून आम्ही टॉर्चसुद्धा लावला नाही. तिथं शिस्त असते." म्हणजे इथं नसते!

सकाळी ऊसतोडीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. दरवेळेसारखी क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवली. अंधार पडला की आई येऊन उचलून नेते. म्हणून तोड थांबवली, बांधावरचा दिवाही बंद केला.

आणि हे महाशय? गाडी थेट बांधावर. काचा वर, हेडलाइट क्रेटवर, हातात मोबाईल. आमचे हे धावले, "आरं, लाईट बंद कर! बुजंल ती."

"दादा, बिबट्या आहे तो. कासव नाही."

कुठं गेली रे तुझी टॉर्चची शिस्त? भित्रा कुठला! ऊस जरा हलला होता. मग हललाच नाही.

आता भावजी हॉलमध्ये टीव्हीवर कासव लावून बसलेत. पिल्लं अजून ओरडतायत. माझ्या खिडकीचा उजेडही उसावर पडतोय. मालवते.