दोघींची गोधडी

प्लेन मान्येन,
१८ डिसेंबर १९७८

चि. सौ. बसंतीस आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सासूबाईंचा दमा कसा आहे? काढा घेतात की तुझी पाठ वळली की ओतून देतात? जावईबापूंचा गुडघा ऊसतोडणी संपल्यावर जरा हलका झाला का? गाय दूध देते ना? सगळ्यांचं विचारून झालं, आता कामिनीचं विचारते. पोरगी जेवते का?

रविवारी तुझा भाऊ आला होता. त्याच्या सुनयनाला पोर्ट लुईच्या मोठ्या कोलेजात, म्हणजे हायस्कुलात, जागा मिळाली आणि आपल्या कामिनीचं नाव थांबायच्या यादीत राहिलं, हे नवीननं खाली मान घालून सांगितलं, जसा काही गुन्हा त्यानंच केला. मला वाटलं, हे बसच्या रांगेसारखं असेल, पुढचा चढला की आपण. तर म्हणतो, तसं नाही आई, बस भरलेली आहे, आतली एखादी उतरली तरच बाहेरची चढणार. कामिनी दाराशी पहिलीच उभी आहे म्हणे. दाराशी पहिलं उभं राहणं फार वाईट गं. आतलं सगळं दिसतं.

दोघी एकाच वर्षाच्या, एका बाकावर बसायचं म्हणत होत्या. कामिनी मामाकडे राहणार म्हणून मी माझ्या जुन्या लुगड्यांची, दोघी मावतील अशी गोधडी शिवली. सुनयना ती घेऊन गेली. जाताना बजावून गेली की भिंतीकडची बाजू कामिनीची, तिथं कुणालाही निजू देणार नाही.

पोरीला सांग, झाडावरच्या साऱ्या लिच्या एका दिवशी लाल होत नाहीत. दोन घास तिला भरव आणि दोन तूही खा.

तुझी आई,
हिरा


ब्रीझे वेर्दिएर,
२४ जानेवारी १९७९

ती. आईच्या चरणी बसंतीचा नमस्कार. वि. वि.

सासूबाई काढा ओततातच, तुझं खरं आहे. बाकी घर ठीक.

कोलेजं उघडली. कामिनीला तूर्त फ्लाकच्या एका लहान कोलेजात घातलंय. ती जाते, येते, विचारलं तर क्रिओल बोलीत एवढंच म्हणते, मो पा ले, म्हणजे नको. काय नको ते सांगत नाही. वह्यांना कव्हरं घातली, पण त्यावर नाव लिहीना. नावाखाली कोलेजाचं नाव लिहावं लागतं ना, म्हणून. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की गोठ्यामागे जाऊन बसते, आपण वाट बघतोय हे कुणाला दिसू नये म्हणून.

रविवारी नवीनदादा सगळ्यांना घेऊन आला. सरस्वती वहिनीनं सुनयनाला मुद्दाम घरचा फ्रॉक घालून आणलं होतं. पण केसांतली कोलेजची निळी रिबीन काढायची राहून गेली. वहिनीच्या ते लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात कामिनीच पुढे झाली आणि सुटत आलेली ती रिबीन तिनं नीट बांधून दिली. आई, मी गाईचं निमित्त करून गोठ्यात गेले.

यादी फेब्रुवारीअखेर बंद होते म्हणतात. माझ्यावर राग नको धरूस, उशिरा लिहिते.

तुझी लेक,
बसंती


प्लेन मान्येन,
२ फेब्रुवारी १९७९

चि. सौ. बसंतीस आशीर्वाद. वि. वि.

राग कसला? तुझं पत्र मी भजी तळता तळता वाचलं, अर्धा घाणा करपला. करपलेली मीच खाल्ली.

तुला ठाऊक आहे, मी विमानतळाच्या फाटकाशी गातो पिमां विकते. डाळीच्या भज्यांना इथे तेच म्हणायचं. हल्ली माणसं फार देश सोडतात. कुणी इंग्लंड, कुणी ऑस्ट्रेलिया. आजवर त्यांची रडारड बघून माझ्याही डोळ्यांना पाणी यायचं. आता शाळेच्या वयाची पोर दिसली की मी आधी विचारते, कुठल्या कोलेजात होतीस? परवा एकीची आई माझ्याकडे अशी बघत राहिली, तिला वाटलं असेल म्हातारी नातवासाठी मुलगी हेरतेय.

हसू नकोस. मी नवस बोलले आहे. त्या कोलेजातली एक पोर, सुखाने, आईबापांसकट, विमानात बसू दे. मरण नको, दुखणं नको, नुसतं जाणं. यात कुणाचं काय वाईट? जागा मिळाली तर शिवरात्रीला परी तलावापर्यंत पायी जाईन. तू चार ओळी तरी धाड.

तुझी आई


ब्रीझे वेर्दिएर,
१६ फेब्रुवारी १९७९

ती. आईस नमस्कार. वि. वि.

आई, हे पत्र बसून वाच. भजी तळताना वाचू नकोस.

कामिनीला जागा मिळाली. काल पत्र आलं, सोमवारपासून जायचं आहे.

आता दुसरं. काल संध्याकाळी नवीनदादा एकटाच आला. वहिनी नर्स, ऑस्ट्रेलियात नर्सांना मागणी आहे. वर्षभर त्यांची कागदपत्रं अडकली होती. येतील न येतील म्हणून तुला सांगितलं नव्हतं. ती आली. आठ मार्चला ते सगळे जाणार. सुनयनाचं नाव त्यांनी कोलेजातून काढलं.

म्हणजे कुणाची जागा, ते तुला कळलं असेल.

दादा म्हणाला, आईला तू लिही, माझ्यानं होणार नाही. ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याला तुझ्या नवसाचं सांगितलं नाही, आणि तूही सांगू नकोस.

मला वाटलं होतं, पत्र आलं की कामिनी नाचेल. तिनं विचारलं, सुनयना परत आली तर मी उठायचं का? ह्यांनी सांगितलं, नाही, ती तुझीच जागा. तर म्हणते, मो पा ले. आता कळलं काय नको ते, सुनयनाशिवायचं कोलेज. पण जाईल ती. मामाचं घर आता बंद, म्हणून रोज पहिल्या बसनं जाईल.

आई, तू जेव. माझी शपथ आहे.

बसंती


प्लेन मान्येन,
९ मार्च १९७९

चि. सौ. बसंतीस आशीर्वाद. वि. वि.

काल गेले सगळे. तू निरोप देऊन लवकर निघालीस ते बरं केलंस, शेवटची बस चुकली असती.

परी तलावाला मी जाऊन आले होते. नवस पुरा झाला की फेडावाच लागतो, देवाचं काय चुकलं? मागितलं तसंच त्यानं दिलं, आईबापांसकट, सुखाने. पाण्याशी उभी राहिले. नुसते हात जोडून आले. नवीनला नवसाचं सांगितलं नाही. प्रवासासाठी त्याला भजी बांधून दिली. गरम पुडी हातात घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला.

तू गेल्यावर सामान वजनाला लावलं, ते जास्त भरलं. सरस्वतीनं एक एक वस्तू काढली, शेवटी गोधडी काढली. सुनयनानं ती छातीशी धरली, सोडीना. मग आपणच तिची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. तिनं कामिनीसाठी निरोप दिलाय, तो जसाच्या तसा सांग. जागा खिडकीपाशी आहे. दुपारी ऊन डोळ्यांवर येतं, तेव्हा वही आडवी धरायची. बाकाची डावी फळी हलते, तिथं दप्तर ठेवायचं नाही.

आज मी फाटकाशी गेले नाही. उद्या जाईन. कुठली पोर कुठल्या कोलेजात होती, ते मात्र आता विचारणार नाही.

रात्री कात्री घेऊन बसले होते. म्हटलं, गोधडी एकटीला फार मोठी, मधून कापावी. हात चालेना. तेव्हा सगळीच धाडते आहे. कामिनीला सांग, ऐसपैस पसरू नकोस, भिंतीकडच्या बाजूलाच निजत जा.

ती वहीवर नाव लिहू लागली का, तेवढं लवकर कळव. पोस्टमनची वाट मी दारातच बसून बघते, लपत नाही.

तुझी आई,
हिरा