देवाच्या भरवशावर पांढरकवडा

बाभुळगाव

ढाणकी मुक्कामी राहणाऱ्या माह्या थोरल्या विमलताईले मारोतीचा वाकून नमस्कार.

इकडं आमी सारे बरे हाओत. तुह्या गुडघ्याचं कसं हाये? भाऊजी अजून भाजीत मीठ कमी म्हणून भांडतात काय? (त्यायलेही नमस्कार सांग. रागात असले तर उद्या सांग.)

ताई, भाऊबीजेले मी काहून आलो नाई, ते सांगाले बसलो. यंदा बेत पक्का केलता. खेमसिंगची जीप सांगून ठेवली, कांतानं आपल्याच वावरातल्या कापसाची उशी तुह्यासाठी भरली. आता तुही भावजय रोज पोथी वाचते. जो देवावर भार टाकते त्याची काळजी देवच वाहते, असं त्यात हाये म्हणे. म्हणून ती म्हणे, "देवाच्या मनात असलं तर जाऊ, असं म्हणा." मी म्हटलं, "देवाले काय विचाराचं? जीप खेमसिंगची हाये!" भाऊबीजेच्या सकाळी जीप दारात आली अन् तिच्या मागंच आभाळ आलं. मागचे दोन साल अळीनं खाल्ले, यंदा कुठं वावर पांढरं दिसत होतं. फुटलेला कापूस ओला व्हायले सोडून कसा येऊ? जीप वापस धाडली अन् दिवसभर वेचत राह्यलो. तू ताट घेऊन दारात उभी असशील, हेच डोळ्यापुढं. अन् पाणी? एक थेंब पडला नाई.

मंग ठरवलं, आता बेत करणंच बंद, सारं देवावर. उशी काखेत मारून यवतमाळच्या स्टँडवर गेलतो अन् समोर लागली त्या बसमधी बसलो. (पाटी वाचणं म्हंजे देवावर अविश्वास, असं वाटलं.) कंडक्टरनं "कुठं?" विचारलं, मी म्हटलं, "शेवटपर्यंत." उशी मऊ, डोळा लागला. उठवलं तर पांढरकवडा! ढाणकी एकीकडं अन् मी भलतीकडंच.

स्टँडवर उशी मांडीवर घेऊन बसलो. उशी पाहून चहावाल्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात कोण हाये, काका?"

"कोणी नाई. बहिणीकडं निघालतो."

"इथंच राह्यते काय?"

"नाई," म्हटलं अन् उशीची खोळ नीट करत बसलो. तिनं न मागता चहा देल्ला.

घरी आलो तर कांता पोट धरून हासली. "देवावर भार टाका म्हटलं होतं. पाटी वाचू नका, असं पोथीत कुठं हाये?" मंग पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेली. ताई, कुठवर आपण पाहाचं अन् कुठून त्यानं, हे मले अजून समजून नाई राह्यलं.

तुहा भाऊ,
मारोती

ता.क. उशीले माह्या डोक्याचं तेल लागलं. खोळ बदलली हाये, भाऊजीले सांगू नको.

आणखी ता.क. खरं म्हंजे, तूच ये. गावात आता सारे मले मारोतराव म्हणतात. माय गेल्यापासून 'बारक्या' म्हणणारं तुह्याबिगर कोणी उरलं नाई. एकदा समोर बसून म्हण.